अर्धी गोळी

६ जानेवारी २०२५

पोचलो एकदाचे. भिंगारहून सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा प्रशांत ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसला आणि मला मात्र एसटीने पाठवलं. कारण काय, तर टेम्पोत गचके बसतात. पारनेरची एसटी जशी काही पाळणाच! पण मी भांडले नाही. नवरा काळजी करतोय तर करू द्यावी, मूल झाल्यावर आपल्याकडे कोण बघतंय.

क्वार्टर माझ्या नव्या नोकरीच्या माती प्रयोगशाळेच्या आवारातच आहे. दोन खोल्या, मागे न्हाणी, दारात पेरूचं झाड आणि समोर डोंगराच्या पायथ्यापर्यंत कांद्याची रानं. रानांच्या कडेला गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याची पोल्ट्री आहे. वारा तिकडून आला की प्रशांत नाकाला रुमाल लावतो. मी म्हटलं, आठवड्यात सवय होईल. तो म्हणाला, मी उद्या चाललो, सवय तू कर. तो भिंगारला डेपोत कारकून आहे. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार.

प्रयोगशाळेचे प्रमुख नृसिंह सर निवृत्तीला आलेत. बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघतात, माणूस कुठल्या रानातून आला ते चिखलावरून ओळखायची सवय. मला म्हणाले, जयमाला, तुमच्या चपला फारच स्वच्छ आहेत, हे बदलायला हवं. माणूस आवडला मला.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते, म्हणजे मन मोकळं होईल. ही तिसरी खेप. आधीची दोन राहिली नाहीत. दुसऱ्या वेळी लघवीच्या इन्फेक्शनचा ताप किडनीपर्यंत गेला आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. म्हणून या वेळी नगरच्या मनवा डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिकची एक गोळी सुरू केली आहे. रोज एक, बाळंतपणापर्यंत, चुकवायची नाही. मला आता चौथा संपत आलाय. हे बाळ मला हवंय. नोकरी, घर, सगळं त्याच्यानंतर.

१४ जानेवारी

गोरक्षभाऊ तिळगूळ घेऊन आले आणि मला आयतीच माहिती मिळाली. त्यांच्या कोंबड्यांना औषध कसं देतात ते विचारलं. म्हणाले, "आजारी पडल्याव दिऊन काय फायदा म्याडम? रोज चिमूटभर पान्यात टाकली का पाखरू कसं टुनटुनीत ऱ्हातं." त्या कोंबड्यांचं खत रानात जातं आणि औषधाचा अंश मातीत उतरतो. त्या थोड्याशा औषधाने मातीतल्या जंतूंचं काय होतं, हेच मला इथं बघायचं आहे.

काम तसं सोपं. एका रानाची माती घ्यायची, पाण्यात कालवायची आणि तीन प्लेटींवर पसरायची. एका प्लेटीत औषध नाही, एकीत पूर्ण डोस, एकीत अगदी थोडा. पूर्ण डोसाची प्लेट कोरी राहते. बिनऔषधाच्या प्लेटीवर ठिपके सावकाश उगवतात. आणि थोड्या डोसाच्या प्लेटीवर काही जंतू उलट जोमानं वाढतात. मारायला आलेलं औषध त्यांना खुराक ठरतं. कॉलेजात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पोल्ट्रीशेजारच्या रानाची माती, माझ्या यादीत चार नंबर, सगळ्यांत पुढे आहे.

२७ जानेवारी

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, आल्या राहायला. प्रशांतने पाठवल्या, आणि बरंच झालं. भागिरथीबाईंनी अंगणवाडीत जन्म काढला. आल्या आल्या माझं वजन, जेवण, झोप सगळं ताब्यात घेतलं. गोळीसुद्धा. आज जेवणानंतर बघते तर पानपुड्यातल्या अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करतायत. म्हणाल्या, "इंग्रजी औषध उष्ण पडतं पोटातल्याला. आमी काय गोळ्या खाऊन पोरं काढली? अर्धी पुरे."

मी वाद घातला, पण जीव तोडून घातला नाही. खरं म्हणजे रोज गोळी गिळताना माझ्याही मनात येतं, बाळाला काही होणार तर नाही? दोनदा पोळलेलं मन आहे. अर्धी घेतली आणि रात्री झोप छान लागली.

डोहाळेही लागलेत आणि तेही मातीचे! प्रयोगशाळेत पिशवी उघडली की तोंडाला पाणी सुटतं. शेजारच्या रंगुबाई बाजाराच्या दिवशी पोटुशा बायकांसाठी खायची माती विकायला बसतात, पांढुरकी, चुलीत भाजलेली ढेकळं. त्यांनी पदरातून चार आणून दिली आणि बजावलं, "भाजल्याबिगर न्हाई खायाची बरं का. कच्च्या मातीला भूक आसती." मी हसले. जंतू मरावेत म्हणून भाजायची, एवढंच ते. ढेकूळ खाल्लं. कुरकुरीत आणि बेचव.

१२ फेब्रुवारी

चार नंबरने वेड लावलंय. थोड्या डोसाच्या प्लेटीवर एका रात्रीत पांढऱ्या भुकटीसारखं पसरतं आणि त्याचा वास झाकण न काढता येतो. नांगरलेल्या रानाला जो वास येतो तो मुळात या जंतूंचाच. एक विचित्र पाहिलं. सगळी वाढ प्लेटीच्या एकाच बाजूला, प्लेटी ठेवतो त्या उबेच्या कपाटाच्या दाराकडे, जिथे मी उभी राहते. मी प्लेटी फिरवून ठेवल्या. सकाळी वाढ पुन्हा दाराकडे. सर म्हणाले, कपाटाचा पंखा एका बाजूने जास्त हवा सोडत असेल. असेलही.

आता जे लिहितेय ते प्रशांतला सांगितलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी चार नंबरच्या पिशवीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. कच्ची. काय सांगू, भाजलेल्या ढेकळाची तिच्यापुढे काय कथा! लाज वाटली, तरी दुसरी चिमूट घेतली.

आणि तेवढ्यात बाळ हललं. पहिल्यांदा! बेंबीच्या खाली सरकल्यासारखं, मग पुन्हा. मी तिथंच स्टुलावर बसून ढसाढसा रडले. प्रशांतला फोन केला तर तिकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. आईंनी गुळाचा खडा तोंडात घातला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

३ मार्च

परवा अंगात कसर आली. मनवा डॉक्टरांनी फोनवर विचारलं, गोळी पूर्ण घेताय ना? मी घाबरून खरं सांगितलं. त्या फार रागावल्या. म्हणून परवा आणि काल पूर्ण गोळी घेतली.

दोन्ही दिवस बाळ हललं नाही. कुशीवर झोपले, गार पाणी प्यायले, गोड खाल्लं, पोटावर हात ठेवून विनवण्या केल्या. काही नाही. मागच्या वेळी असंच गप्प झालं होतं. मला तो गप्पपणा ओळखता येतो, तो आला की घरातलं सगळं लांब जातं.

आज आईंना म्हटलं, अर्धीच द्या. संध्याकाळी पेरूच्या झाडामागे जाऊन मूठभर माती खाल्ली. तासाभरात हललं, चांगलं जोरात. आईंचं म्हणणं खरंच असावं, औषध उष्णच पडतंय त्याला. आता आम्ही अर्ध्याचीही अर्धी केली आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी., आणि आज अडकित्ता मीच आणून दिला.

१६ मार्च

आज डोहाळजेवण झालं. भिंगारहून नणंदा, जावा, चुलत सासवा, अख्खी गाडी भरून आल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, मी बसले पाटावर. ओवाळायला वाकलेली प्रत्येक बाई जरा थांबायची आणि मागे सरायची. एकीने विचारलं, घर आत्ताच सारवलं का गं, केवढा मातीचा वास. घरात फरशी आहे. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण तोंड मिटून.

मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी डावीकडची उघडली. बर्फी! बायकांनी एकच गलका केला. मला मुलगीच हवी होती, डोळे भरून आले. बर्फीचा तुकडा मोडून खाल्ला. त्याला कसलीही चव नव्हती. पदराच्या टोकाने ओठ पुसले तर पदरावर पांढरी भुकटी.

बर्फी आंब्याची होती. पिवळी.

२४ मार्च

आरशात जीभ पाहिली. मागच्या बाजूला पांढरा थर, खरवडला तर भुकटी होते. वास ओळखीचा. प्रयोगशाळेत गेले, कापसाचा बोळा जिभेवर फिरवला आणि तीन प्लेटींवर ओढला. बिनऔषधाची, पूर्ण डोसाची, थोड्या डोसाची. असं करायची माझी छाती होत नव्हती, पण केलं नसतं तर रात्रभर डोळा लागला नसता.

२५ मार्च

पूर्ण डोसाची प्लेट कोरी. बिनऔषधाच्या प्लेटीवर दोन-तीन ठिपके. थोड्या डोसाच्या प्लेटीचं झाकण उचललं गेलंय. आत मावत नाहीये ते.

चार नंबर आहे. माझ्या जिभेवरचं.

रोज पाव गोळी, रोज मूठभर माती, अंगाची ऊब. गोरक्षभाऊंची चिमूट आणि आईंचा अडकित्ता, दोन्ही एकच. मीच ती प्लेट आहे. तिसरी. हे मला कळायला हवं होतं, सगळ्या जगात मला तरी.

पूर्ण गोळीने ते मरतं, ते मी इथं रोज बघते. पण पूर्ण गोळी घेतली की बाळ थांबतं. मग मी करू काय? कुणाला विचारू? मला ते मारायचं आहे आणि तिला जगवायचं आहे, आणि गोळी एकच आहे.

२९ मार्च

तीन दिवस पूर्ण गोळी घेतली. पोटात चिडीचूप. ती थांबली. आज दुपारी मला राहवलं नाही, गोळी थुंकून टाकली आणि रानात जाऊन — नखं तुटली. आई शोधत आल्या. माझं तोंड त्यांनी पदराने पुसलं, आतली माती बोटाने काढली, लहान पोराची काढतात तशी. रडत होत्या. मी त्यांना ढकललं. मला ती माती परत हवी होती.

घरी येईपर्यंत पोटात जोरात हलायला लागलं. मी हसत होते. आई माझ्याकडे बघत होत्या.

२ एप्रिल

प्रशांत रजा काढून आला, जबरदस्तीने नगरला नेलं. मनवा डॉक्टरांनी सोनोग्राफीला घेतलं. मी म्हटलं, बघा कशी लाथा मारतेय. खरंच मारत होती, पोटभर, डावीकडे, उजवीकडे, एकाच वेळी.

डॉक्टर म्हणाल्या, बाळ झोपलंय.

पडदा माझ्याकडे वळवला. ती तिथं होती. गालाखाली हात घेऊन. ठोके चांगले, वजन कमी, पण ठीक. अजिबात हलत नव्हती. आणि माझ्या कातडीखाली —

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. हात धुवायला गेल्या. पुष्कळ वेळ धुत होत्या.

मग हे हलणारं कोण? फेब्रुवारीपासून मी कुणाला गोंजारतेय? कुणासाठी गोळ्या तोडल्या?

लगेच भरती केलंय. शिरेतून पूर्ण डोस, कमी करायचा नाही, थांबवायचा नाही. बाळंतपण आत्ता करता येणार नाही, ती फार लहान आहे. आधी हे मारायचं. डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण डोस नीट गेला तर दोघंही वाचाल.

४ एप्रिल

सलाईनमधून औषध चालू आहे. पोटातलं ते वळवळतं, आखडतं. वेदना फार. मातीची इतकी आठवण येते की खिडकीतल्या कुंडीवरून नजर हटत नाही. प्रशांतने कुंडी बाहेर नेऊन ठेवली.

पण आज सकाळी ते शांत झालं आणि त्या शांततेत काहीतरी वेगळं झालं. अगदी हलकं. टिचकी मारावी तसं. एकदाच. नर्सने मशीन लावलं होतं, ती म्हणाली, आता हललं बघा बाळ.

ही ती आहे. इतकी हलकी असते ती. एवढे दिवस मला ठाऊकच नव्हतं. सोने, धीर धर, आई पूर्ण डोस घेतेय.

५ एप्रिल

जीभ सुजली. बोलता येत नाही. याच वहीत लिहून दाखवते सगळ्यांना. प्रशांत पान वाचतो आणि डोळे पुसतो. पोटात आता ते नाही. फक्त तिची टिचकी, अधूनमधून. डॉक्टर खूश.

डाव्या दंडात काहीतरी आहे. कातडीखाली सरकतं. दाखवलं. म्हणाल्या, सुईमुळे सूज असेल.

६ एप्रिल

डाव्या हाताने सलाईनचं चाक फिरवलं. थेंब हळू केले. मी पाहिलं. मी फिरवलं नाही. उजव्या हाताने पुन्हा पूर्ववत केलं. बेल वाजवली. नर्सला वाटलं, झोपेत धक्का लागला असेल. डावा हात पलंगाला बांधा म्हणून लिहिलं. बांधला. बरं वाटलं.

त्याला थोडं हवंय. जगण्यापुरतं. त्याला औषध नको असं नाहीच —

दुपार

जेवणाची सुट्टी. नर्स नाही. प्रशांत औषध आणायला खाली गेलाय. आई बाकावर.

उजवं मनगट. पोटात नाही, मनगटात हलतंय. पेनाच्या खाली.

लवकर लिहिते. आई, हे वाचा. सलाईन कमी करू नका. काहीही झालं तरी पूर्ण डोस द्या. पूर्ण. अर्धी पुरे

हे मी लिहिलं नाही. मला लिहायचं होतं पूर्ण. पूर् अर्धी पुरे. उष्ण पडतं

आई उठल्या. इकडे येतायत. वही मागतायत. त्यांना तर खरंच वाटेल, त्यांचंच बोलणं आहे — आई, नका वाचू, ती टिचकी मारतेय, ती अजून आहे, पूर्ण द्या, पू

अर्धी पुरे आई. अर्धी पुरे. अर्धी पु